चाळीस सेकंद

गाडी आज रात्री इथंच राहू द्या, आसिलकान एजे,
किल्ली तेवढी ठेवून जा.
आत्ता तुम्ही बाजारातून आलात, इंजिन तापलंय,
आणि तापलेली गाडी
कशालाच कबूल होत नाही.
ती गारठायला हवी, पार आतल्या बोल्टापर्यंत.
मग पहाटे स्टार्टर फिरला की चाळीस सेकंद.
तेवढ्यात ऑइल वर चढतं, लोखंड फुगतं,
फटी बुजतात,
गाडी परत सभ्य होते.

लोक येतात, तोंडानं आवाज काढून दाखवतात.
टेमिर्लान टॅक्सीवाला जीभ टाळूला लावून टकटक करतो.
ते टॅपेट. ऑइल बदल, जा.
कुणी दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा किंचाळतो,
तो बेल्ट.
पत्र्याच्या डब्यात खिळे खुळखुळले तर ती चेन,
तिथं मी हसत नाही.
तुम्ही तोंड उघडलंच नाहीत.
हातमोजा काढून
बोटाचं पेर माझ्या टेबलावर आपटलंत,
जाड, बोदं,
पलीकडच्या घरात कुणी हाड फोडून मगज काढतंय
असं.

तेव्हाच कळलं मला.
खोटं कशाला बोलू,
गाडी फाटकातून आत वळली तेव्हाच.

वजा सव्वीस. पाच वाजलेत.
नारिनच्या काठाला बर्फ धरलाय, मधलं पाणी काळं वाहतंय.
मी बॉनेटवरचा नमदा उचलतो,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
पोरगा किल्ली फिरवतो.
पहिला ठीक. दुसरा ठीक.
तिसऱ्यात पिस्टन झिजलेल्या नळीत डुलतो,
भिंतीला धडकतो, परत धडकतो.
गरम झाला की फुगून नीट बसेल,
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा.
‘बंद कर,’ मी ओरडतो,
‘तापू देऊ नकोस.’
पोराला कळत नाही एवढी घाई कशाची.

बारा हिवाळ्यांपूर्वी
याच अंगणात ही ऑडी मी सुयुनबेकला विकली.
तो सातला यायचा होता.
मी साडेचारला उठलो,
बायकोला म्हणालो, शेळी बघून येतो.
इंजिन अर्धा तास चालवलं, बंद केलं,
वरून नमदा टाकला, हाच.
सुयुनबेक आला, त्यानं बॉनेटवर पंजा ठेवला,
घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा,
आणि खूश झाला, म्हणाला, ‘ऊब आहे हिच्यात.’
घोड्याची पारख होती त्याला.
त्या पैशांत माझं छप्पर झालं.

आता तो ट्युमेनला, कुठल्याशा गोदामात.
पैसे येतात, येत नाहीत.
आणि परवा अत-बाशीहून कुणी गाडी बघायला येणार.
‘त्याला काय सांगू?’ तुम्ही काल विचारलंत.
मी म्हणालो, आधी ऐकू तर द्या.
बारा वर्षं तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीआडून ऐकत होतात,
पीठ मळताना,
आणि मी म्हणतो, ऐकू द्या.

आठ वाजता तुम्ही येता.
कुणी शिकवलं माहीत नाही, पण आधी हातमोजा काढता,
बॉनेटवर तळवा ठेवता.
‘गार आहे.’
हो. मी गार ठेवलीय.
बसा. तुम्हीच फिरवा.

अंगण हादरतं. शेळी दूर सरकते.
तुम्ही काच खाली करून काहीतरी विचारता,
माझ्या हातातल्या नमद्याकडे बघत.
मी कानाला हात लावतो, ऐकू येत नाही म्हणून.
खरंच येत नाही.
पस्तीस. छत्तीस.
ठोके पातळ होत जातात, मग
एखादाच, उशिरा आलेला.
आणि इंजिन गुळगुळीत चालू लागतं,
इतकं शांत
की तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारता,
अगदी हळू आवाजात,
आणि शब्द न् शब्द ऐकू येतो.